रेक लागला की घड्याळ कोणाचं?

(नागपुरात सुरक्षा सप्ताहात झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. बॅनरवर ‘शासन व उद्योग यांचं सहकार्य’ असं मोठ्ठं लिहिलंय, चांगलंच आहे, पण आपल्याकडे सहकार्य म्हणजे काय असतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, ४ मार्चला झेंडा, शपथ, चार हेल्मेट वाटायची, पाहुण्यांना रोपटं द्यायचं, फोटो काढायचा आणि आठवडा संपला की जैसे थे. ४ मार्च का, तर १९६६ साली त्या दिवशी नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झाली. मी आज मशीनच्या गार्डवर वगैरे बोलणार नाही, त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा हुशार लोक इथेच बसलेत. मला बोलायचंय त्या पट्ट्यावर जिथे ट्रक बॅक घेतात, जिथे रेक (मालगाडीचे सगळे डबे मिळून) लागतो, म्हणजे मालधक्का, साइडिंग (माल चढवा-उतरवायचा रुळाचा फाटा), गोडाऊनची तोंडं. कळमना, अजनी, बुटीबोरी, मिहान, आपलं अर्धं नागपूर तिथेच राबतं राजेहो.

आता एक गंमत पहा. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीतून कोळसा निघाला. खाणीत असेपर्यंत तो डीजीएमएसच्या, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या हद्दीत, नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९५२ च्या खाण कायद्याखाली, आता नव्या सुरक्षा संहितेखाली, त्यांचं हेडऑफिस धनबादला. टिप्पर रस्त्यावर आला की आरटीओ आणि ट्रॅफिक पोलीस. साइडिंगवर वॅगनमध्ये पडला की रेल्वे. आणि कोराडी-खापरखेड्याच्या गेटात शिरला की फॅक्टरी, तिथेही आधी १९४८ चा फॅक्टरी कायदा आणि आता नवी संहिता, म्हणजे आपलं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. फॅक्टरी कायद्याच्या व्याख्येतच लिहून ठेवलं होतं की खाण म्हणजे फॅक्टरी नाही आणि रेल्वेचं रनिंग शेड, म्हणजे इंजिनांची शेडही नाही. कोळसा तोच, वजन तेच, पण साहेब चार. आणि अपघात नेमका कुठे होतो, तर एका साहेबाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते त्या दहा-वीस फुटांत, कारण तिथे प्रत्येकजण म्हणतो हे आमच्याकडे येत नाही.

मालधक्क्यावर तर याहून वाईट. वॅगन रेल्वेची, माल पार्टीचा, ट्रक ट्रान्सपोर्टरचा, ड्रायव्हर कधी मालकाचा तर कधी फक्त त्या ट्रिपपुरता, आणि हमाल माथाडी बोर्डाचा, १९६९ च्या कायद्याखालचा, किंवा कुठल्याच बोर्डाचा नसलेला, ठेकेदाराने सकाळी चौकातून उचलून आणलेला. मजुरी कोण देणार ते ठरलेलं असतं, मजुरीवरची बोर्डाची लेव्ही कोण भरणार तेही ठरलेलं असतं, पण हँडग्लोव्ह कोणी द्यायचे विचारा बरं, सगळे वर पंख्याकडे पाहतात.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक घड्याळ आहे. रेक धक्क्यावर लागला की फ्री टाइम, म्हणजे बिनदंडाचे तास, सुरू, वॅगन कोणती आणि काम हाताने का मशीनने यावर किती तास ते रेल्वेने ठरवलेलं असतं, ते संपले की दर वॅगनला दर तासाला डेमरेज, म्हणजे डबा अडकवल्याचा दंड, आणि माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, वेगळं. चाळीसच्या वर डबे असतात एका रेकला, करा हिशोब. चोवीस तास चालणाऱ्या धक्क्यावर रेक रात्री दोनला लागला तरी घड्याळ दोनलाच सुरू. इकडे ट्रकवाला वेगळा बोंबलतो की माझी गाडी खोळंबली. रेल्वेचंही चूक नाही बरं का, डबे अडकले की मागचा रेक बाहेर उभा, त्याच्या मागचा आणखी मागे. पण मुकादम जेव्हा ओरडतो ‘चाल, लवकर कर’, तेव्हा ओरडतंय ते घड्याळ. तुम्ही वर्षभर ट्रेनिंग द्या, घड्याळ एका रात्रीत सगळं पुसून टाकतं.

आता नेमकं काय होतं ते सांगतो. बीसीएन म्हणजे बंद डबा, आत सिमेंटची किंवा खताची ५० किलोची पोती. रात्रभर प्रवासात हादरे बसून पोती सरकलेली असतात, दरवाजावर रेलून बसलेली असतात, बाहेरून काहीही दिसत नाही. कडी जाम असते म्हणून माणूस हातोड्याने ठोकतो, आणि ठोकायला सोयीचं म्हणून उभा कुठे राहतो, तर बरोब्बर दरवाजासमोर. कडी सुटली की दार आणि मागची थप्पी एकदम अंगावर. यावरचा उपाय फुकटचा आहे, बाजूला उभं राहायचं, दार आधी थोडंसंच सोडायचं, फटीतून टॉर्च मारून पाहायचं, समोर कोणी उभं राहू द्यायचं नाही. एका डब्यामागे दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. एका हमालभाऊला हे समजावून सांगितलं तर तो म्हणे, “सायेब, मले समजते, पण ते तीन मिनटं काहून देईन कोणी?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, रेल्वेकडे आहे.

दुसरं, ट्रक आणि धक्का यांच्यात टाकलेली फळी. हातगाडी फळीवरून आत जाते, ट्रक हलकासा दबतो, पुढे ढकलला जातो, हातगाडी परत येते, ट्रक परत ढकलला जातो, हँडब्रेक ओढलेला असला तरी इंच-इंच सरकतो आणि शेवटी फळीचं टोक सुटतं. चाकाला लाकडी गुटका लावला तर हे होत नाही. आपल्याकडे दगड लावतात, तोही घाटात पंक्चर झालं तर, माल चढवताना कोण लावतो? अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या कामगार सुरक्षा खात्याच्या फोर्कलिफ्टच्या नियमातच लिहिलंय की माल भरताना-उतरवताना ट्रकचे ब्रेक लावलेले पाहिजेत आणि मागच्या चाकांना गुटके. साधी ओळ आहे, पण लिहिलेली आहे.

तिसरं मला जास्त भीतीचं वाटतं, ते म्हणजे वरची वायर. उघडी बॉक्सएन वॅगन रुळापासून साधारण सव्वातीन मीटर उंच. तिच्या कडेवर माणूस उभा राहिला की पाच मीटर झाले. ओएचईची, म्हणजे रेल्वे इंजिनाला वीज देणारी वायर साधारण साडेपाच मीटरवर, २५,००० व्होल्ट. उरलं किती, अर्धा मीटर. आणि नियम काय सांगतो, दोन मीटरच्या आत जायचंच नाही, हात लागायचीही गरज नसते, करंट हवेतून येतो. मग ताडपत्री ओढायला, कोळसा सपाट करायला माणूस वर चढतो तेव्हा त्याला ‘सावध रहा’ म्हणून काय उपयोग? तिथे आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच पाहिजे, लाइन बंद, अर्थिंग केलेली, कुलूप लावलेलं, आणि काम संपेपर्यंत किल्ली कोणाच्या खिशात हे कागदावर लिहिलेलं. किल्ली रेल्वेकडे, माणूस पार्टीचा. माझ्या मते सहकार्य म्हणजे ही किल्ली, बाकी बॅनर.

सरकार आणि उद्योग एकत्र आले की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे, अमेरिकेचं आहे पण आपल्या रुळावर उभं आहे. तिकडे पूर्वी दोन डबे जोडायला माणूस मध्ये उभा राहायचा, हाताने कडी धरून खिळा टाकायचा, बोटं जाणं ही रोजची गोष्ट, किती तरी जीवही गेले. जॅनी नावाच्या माणसाने १८७३ सालीच आपोआप जुळणाऱ्या कपलरचं, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याचं पेटंट घेतलं. पण प्रत्येक रेल्वे कंपनीचं वेगळं तंत्र, खर्च कोण करणार, त्यामुळे वर्षानुवर्षं काही झालं नाही. डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने १८८७ मध्ये एक नमुना स्टँडर्ड म्हणून निवडला, आणि कॉफिन नावाचा एक माणूस कायदा करा, कायदा करा म्हणत वर्षानुवर्षं मागे लागला होता, तेव्हा कुठे १८९३ ला सेफ्टी अप्लायन्स ॲक्ट आला, तोही मुदतवाढ मिळत मिळत पुरता लागू व्हायला १९०० उजाडलं. नुसतं सरकार असतं तर कोणता कपलर हे कळलं नसतं, नुसता उद्योग असता तर अजून कमिटीच बसली असती. कळमन्याला वॅगनचा सीबीसी, म्हणजे मधोमध असलेला कपलर पाहिला ना, तो त्याच खानदानातला.

हल्ली तिकडे ओशाने २००२ पासून अलायन्स नावाचा कार्यक्रम चालवलाय, व्यापारी संघटना, युनियन यांच्याशी लेखी करार, मिळून ट्रेनिंगचं साहित्य करायचं. करार केला म्हणून इन्स्पेक्शनमधून सूट नाही, हे मला आवडतं. पण त्यात दात नाहीत हेही खरं, मनावर घेतलं तर ठीक, नाही तर शेल्फावर पुस्तिका.

आपल्याकडे उलटं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२४, हिट अँड रनची नवीन तरतूद, दहा वर्षांपर्यंतची शिक्षा, ड्रायव्हर गाड्या सोडून उतरले आणि नागपुरात पेट्रोल पंपांवर ही रांग. शेवटी सरकारला सांगावं लागलं की वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय लागू करणार नाही, आणि १ जुलैला बाकीची न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूलाच ठेवलं. बोलणं आधी झालं असतं तर? एसी केबिनचं बघा, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२, एन-३, म्हणजे मध्यम आणि जड ट्रकना सक्तीचं झालं, कंपन्यांना तयारीला वेळ दिला होता, गाजावाजा न होता झालं. ज्या गावात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ ला गेला तिथे हे मी वेगळं सांगायला नको. जुन्या गाड्यांचं काय, ते मात्र देवाला माहीत.

आणखी एक, आपल्याच शहरातलं. २०२१ पासून आयरास्ते प्रकल्पात महापालिका, सीआरआरआय (केंद्राची रस्ते संशोधन संस्था), इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद अशांनी मिळून सिटी बसवर धोक्याची सूचना देणारे कॅमेरे लावले. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे हायवेवर ब्लॅक स्पॉट कधी, तर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तर. म्हणजे आधी माणसं जायला पाहिजेत! कॅमेऱ्याने ‘थोडक्यात वाचलो’ अशा जागा सापडतात, त्याला ते ग्रे स्पॉट म्हणतात. मालधक्क्यावर ‘थोडक्यात वाचलो’ची वही कुठे आहे? नाही, कारण कोणाच्या टेबलावर ठेवायची हेच ठरलेलं नाही.

तर माझं म्हणणं छोटं आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात सेफ्टी कमिटी आली, कामगार आणि मालक समसमान. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार सुरक्षेची नवीन संहिता लागू, त्यात कमिटी कुठे करायची ते सरकार आदेश काढून ठरवणार, आणि सेफ्टी ऑफिसरसाठी फॅक्टरीत ५०० कामगार, धोकादायक असेल तर २५०. हिंगणा-बुटीबोरीतले बहुतेक युनिट यात बसत नाहीत, आणि हमाल-ड्रायव्हर तर कोणाच्याच रोलवर नाहीत. म्हणून कमिटी युनिटची नको, जागेची करा. एक मालधक्का घ्या, रेल्वेचा गुड्स सुपरवायझर, संचालनालयाचा माणूस, माथाडी बोर्ड, दोन मोठ्या पार्ट्या, एक ट्रान्सपोर्टर, आणि मुकादम नव्हे तर खरोखर पोतं उचलणारे दोन हमाल. महिन्यातून एकदा, धक्क्यावरच, एसी हॉलमध्ये नाही. पहिल्या मीटिंगला विषय एकच ठेवा, डबा नीट उघडायला किंवा लाइन बंद करायला जो वेळ गेला तो फ्री टाइममधून वजा करायचा का नाही. रेल्वेने हो म्हटलं तर बाकीचं आपोआप सोपं होतं, नाही म्हटलं तर निदान कोण नाही म्हणतंय ते तरी मिनिट्समध्ये येईल.

मागच्या रांगेतले ट्रान्सपोर्टवाले भाऊ मघापासून हात वर करून बसलेत, माइक आधी त्यांना द्या.