काटा कुठलं पाणी मोजतो? एटीव्हीच्या कूलंटचं तापमान

मंडळी, निमाडाच्या बाजूनं चोरलचा घाट चढणारी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी छोटी चारचाकी, डोळ्यांसमोर आणा. मे महिना, सावलीत ४२ अंश, गाडी लो गिअरमध्ये, वेग ताशी दहा किलोमीटर आणि वारा पाठीमागून. इंजिन पूर्ण ताकदीनं ओढतंय आणि रेडिएटरला समोरून हवा म्हणाल तर नाहीच. मोटारीवर अशी वेळ क्वचित येते, एटीव्हीचं मात्र रोजचंच काम हे आहे. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणात, उतरतो आणि ती सगळी उष्णता बाहेर टाकायची जबाबदारी अशा चढावर एकट्या फॅनवर येते. यंत्रणेत कूलंट असतं दोन-तीन लिटर. इतक्या थोड्या पाण्याला तापायला वेळ लागत नाही.

कंपनीनं तापमानासाठी काय दिलेलं असतं? पुष्कळ गाड्यांवर फक्त एक लाल दिवा. तो साधारण ११० ते ११५ अंशांच्या आसपास पेटतो. दिवा पेटेपर्यंत तापमान ८५ होतं की १०५, फॅन पाच मिनिटांपूर्वीच बंद पडला होता का, यातलं काहीही तो सांगत नाही. म्हणून वेगळा मीटर बसवावा हे माझं ठाम मत आहे. पण मीटर बसवण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या : सेन्सर कुठल्या पाण्यात बुडालेला आहे? ते ठाऊक नसेल तर मीटरवरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

बहुतेक एटीव्हींमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, सिलिंडर हेडच्या तोंडाशी असतो. कंपनीचा सेन्सर त्याच्या अलीकडे, हेडमध्ये असतो, म्हणजे इंजिनातलं पाणी मोजतो. बाजारात मिळणारा मीटर मात्र वरच्या होजमध्ये, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत, ॲल्युमिनियमचा जोड टाकून बसवतात, कारण ते सोपं पडतं : होज कापायचा, जोड घालायचा, दोन्हीकडे क्लिपा आवळायच्या. ही जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडची आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं मीटर जवळजवळ हलत नाही आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम उडी मारतो. ही उडी दिसणं चांगलंच, थर्मोस्टॅट काम करतो याची ती खूण आहे. धोका आहे तो थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर. इंजिनात पाणी उकळत असतं आणि होजमधला सेन्सर ५० अंश दाखवत राहतो. चालवणारा निर्धास्त असतो, आणि हेडचं पॅकिंग मात्र जातं.

दुसरी फसवणूक पाणी संपल्यावर होते. होज फुटला, कूलंट सांडलं आणि सेन्सर कोरड्या हवेत लोंबकळू लागला, की आकडा चढायच्या ऐवजी उतरतो. चढावर, भरपूर ओझ्याखाली तापमान अचानक खाली आलं तर ‘बरं झालं, थंड झाली’ असं म्हणू नका. लगेच इंजिन बंद करा. यावर उत्तम उपाय म्हणजे धातूचं तापमान मोजणारा दुसरा सेन्सर, स्पार्क प्लगच्या वॉशरच्या जागी किंवा हेडच्या बोल्टखाली बसणारा. पीथमपूरला २००७ पासून बरीच वर्षं ‘बाहा’ स्पर्धेत विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्या धावल्या. त्यांची पेट्रोल इंजिनं हवेवर थंड होणारी, तिथे कूलंटच नाही, म्हणून प्लगखालचा सेन्सर हाच तिथला मार्ग. पाण्याच्या गाडीवरही तो तितकाच उपयोगी आहे, कारण पाणी असो वा नसो, तो धातूचं खरं तापमान सांगतो.

आता जोडणी. होजमधला जोड दोन्हीकडून रबरात अडकलेला असतो, म्हणजे गाडीच्या धातूपासून तुटलेला. सेन्सर एकाच तारेचा असेल तर त्याचा परतीचा मार्ग जोडाच्या अंगातून जातो. म्हणून जोडाला वेगळी अर्थिंगची तार लावून ती इंजिनच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टवर घ्या. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळू नका, त्यानंही अर्थिंग बिघडतं.

अर्थिंग खराब असलं तर आकडा खोटा कसा होतो ते पाहा. या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापमान वाढलं की कमी होतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओम, ८० अंशांना ३२३, १०० अंशांना १८७. आता गंजलेल्या जोडणीचे ३० ओम त्यात मिसळा. थंडीत २५०० मध्ये ३० म्हणजे काहीच नाही, मीटर बरोबर दाखवतो. गरम असताना १८७ चे २१७ होतात आणि १०० अंशांचं पाणी मीटरवर ९५ दिसतं. म्हणजे थंड गाडीवर तपासून मीटर ‘ठीक’ ठरवला, तरी नेमका गरजेच्या टोकाला तो खाली दाखवतो. म्हणून तपासणी गरम पाण्यातच करा : पातेल्यात पाणी उकळा, सेन्सर त्याच्या तारेसकट आणि अर्थिंगसकट त्यात धरा, पण टोक बुडाला टेकू देऊ नका. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मीटरवर १०० आले नाहीत म्हणून तो वाईट ठरत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका : कंपनीच्या सेन्सरची तार कापून तिथूनच नव्या मीटरला जोड देणं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्या सेन्सरवरूनच पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. शेजारी दुसरं उपकरण लावलं की मधला रोध कमी होतो, संगणकाला इंजिन आहे त्यापेक्षा गरम वाटतं आणि थंड सुरुवातीला पेट्रोल कमी पडू लागतं. शिवाय मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे हवेत. एका कंपनीचा मीटर आणि दुसरीचा सेन्सर हा संसार जमत नाही. मीटरचा पुरवठा किल्लीनंतरच्या तारेवरून, स्वतःच्या छोट्या फ्यूजसह घ्या, आणि तार सायलेन्सर व बेल्टच्या डब्यापासून दूर न्या.

बसवल्यावर पहिले दोन आठवडे फक्त निरीक्षण करा. माझ्या दृष्टीनं हे मीटर विकत घेण्यापेक्षाही महत्त्वाचं आहे. सपाट रस्त्यावर किती, चढावर किती, फॅन कितीला लागतो आणि कितीला बंद होतो, हे वहीत लिहून ठेवा. बहुतेक गाड्या चालत्या असताना ८० ते ९५ मध्ये राहतात आणि फॅन नव्वदीत लागतो, पण तुमच्या गाडीचे आकडे तुमचेच. रोज ८८ वर राहणारी गाडी त्याच रस्त्यावर ९६ दाखवायला लागली, तर लाल दिव्याच्या कितीतरी आधी तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं.

आपल्याकडे हे बहुतेक वेळा रेडिएटरमुळे होतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पात्यांमध्ये बसते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. सोयाबीनच्या काढणीत वर भुसा चिकटतो. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, आत हवा जात नाही. आधी अर्धा तास पाणी शिंपडून माती भिजू द्या, मग साध्या पाइपनं आतल्या बाजूनं, म्हणजे इंजिनकडून बाहेर, सरळ धार सोडा. प्रेशरच्या मशीननं पाती वाकतात आणि नुकसान कायमचं होतं. फॅनच्या मोटरीत चिखल शिरून ती जाम होते तेव्हा फ्यूजही उडतो. नुसता फ्यूज बदलून निघू नका, इंजिन बंद असताना पातं हातानं फिरवून पाहा.

कूलंट म्हणून ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या, बोअरचं क्षाराचं पाणी नको. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. १.१ (बार दाब) लिहिलेलं झाकण ठीक असेल तर हे मिश्रण १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही. रबर सुकलेलं झाकण दाब धरत नाही आणि तेच मिश्रण १०६-१०७ ला उकळतं. कूलंट बदलल्यावर हवा काढणं विसरलात तर काटा वरखाली नाचतो. गाडीचं पुढचं तोंड उंच करा, झाकण काढून थंड इंजिन सुरू करा, होज हातानं दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घाला. बुडबुडे थांबतच नसतील आणि होज थंड सुरुवातीच्या मिनिटाभरातच कडक होत असेल, तर हेडचं पॅकिंग तपासायला द्या.

आणि तापमान १०५ च्या पुढे गेलंच तर? ओझं काढा, सावलीत थांबा. फॅन फिरतोय, कुठे गळती नाही आणि वाफही नाही, तर इंजिन आयडलवर चालू ठेवा. पंप फिरत राहिला तर हेडमधली उष्णता रेडिएटरपर्यंत पोहोचते. वाफ दिसली, कूलंट सांडलेलं दिसलं किंवा फॅन बंद असला, तर इंजिन तत्काळ बंद. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका; होज हातात धरता येतो आणि दाबल्यावर मऊ लागतो, तेव्हाच उघडा. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलंत तर ॲल्युमिनियम वाकतं. जंगलात कूलंट नसेल तर पिण्याचं पाणी चालेल, इंजिन निवल्यावर, हळूहळू. घरी आल्यावर ते पूर्ण काढून नवं मिश्रण भरा.