क्लासमध्ये भिंतीला टेकून तासभर बसा: मार्शल आर्ट्सचा क्लास कसा पारखायचा

(समोर मॅट अंथरलेलं. हातात जुना पिवळा पट्टा.)

हा माझा कराटेचा येलो बेल्ट. सहावीत मिळालेला. याच्या टोकाला हा तपकिरी डाग दिसतोय ना, तो माझ्याच रक्ताचा. परभणीतली एक गच्ची, मे महिना, आणि तापलेल्या सिमेंटवर मुठी टेकवून चाळीस पुशअप्स. पाणी मागितलं की वीस वाढायचे. घरी आले, आईनं बोटांच्या सांध्यांना हळद लावली आणि म्हणाली, "सर शिस्तीचे आहेत." मलाही तेच वाटायचं.

आज मी स्वतः लेकरांना कराटे शिकवते. संभाजीनगर, लातूर, नांदेड तर सोडाच, आता सेलू-वसमतलाही क्लासचे बोर्ड दिसतात. बोर्डावर मेडल घातलेल्या पोरांचे फोटो असतात. आत काय चालतं ते मात्र आत बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून फी भरायच्या आधी तिथे जाऊन बसा. भिंतीला टेकून, पूर्ण तासभर. "पालक बसले की पोरांचं लक्ष लागत नाही" असं एखादे सर म्हणतील. रोज बसू नका, ते मलाही पटतं. पण न सांगता गेलात तरी दार उघडं मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल, तर चप्पल घाला आणि लेकराला घेऊन घरी या.

बसल्यावर किक किती उंच जाते ते बघू नका. सर जवळ आले की मुलं काय करतात ते बघा. आमचे सर पीव्हीसीचा पाइप घेऊन फिरायचे. आम्ही किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारखे उभे, आणि पाइप फरशीवर घासत मागून यायचा. सर्र... सर्र... मारायचे ते क्वचितच. पण तो आवाज जवळ आला की मांड्या लटलटायच्या, श्वास अडकायचा. त्या दोन वर्षांत मी सरांना एकही प्रश्न विचारला नाही. "सर, माझा पाय असा का वळतो?" एवढंसुद्धा नाही. जिथे मूल प्रश्न विचारत नाही, तिथे ते काय शिकणार?

"मार्शल आर्ट म्हटलं की मार आलाच" असं मला पालकच ऐकवतात. ज्या देशात ज्यूदो जन्मला, तिथलं सांगते. २०१३ साली जपानच्या महिला ज्यूदो संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना राजीनामा द्यावा लागला, कारण १५ महिला खेळाडूंनी थपडा आणि बांबूच्या तलवारीच्या माराची तक्रार केली होती. त्याच जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शाळेत ज्यूदो करताना शंभराहून जास्त मुलांचा जीव गेला. बहुतेकांच्या डोक्याला मार लागला होता, आणि त्यात नवखी मुलं खूप होती. नीट पडायला शिकायच्या आधीच त्यांना आपटलं जात होतं. हे आकडे बाहेर आले, नियम बदलले, तेव्हा मृत्यू कमी झाले.

म्हणून फाईटचा तास जरूर बघा. आपल्या जत्रेतसुद्धा जोड बघूनच कुस्ती लावतात. मग क्लासमध्ये सातवीतल्या नवख्या पोरासमोर ब्लॅक बेल्टवाला दादा उभा करून "याला जरा धडा शिकव" कसं काय चालतं? हेड गार्ड, चेस्ट गार्ड, गम शील्ड (दात वाचवायला तोंडात घालतात ते) आहेत का, आणि ते घातल्याशिवाय फाईट सुरू होते का, तेही बघा. डोक्यावर दणका बसल्यावर उलटी झाली, गुंगी आली, लेकरू तेच तेच विचारू लागलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर. "उठ, काही नाही झालं" म्हणणारा माणूस त्या क्षणी धोका वाढवतोय. मेंदू सावरायच्या आत दुसरा दणका बसला तर जिवावर बेततं.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. अशात पाणी तोडणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. स्पर्धेत वजनगट गाठायला बारा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवणारे सरही मी पाहिलेत. मुलाला सरळ वरच्या वजनगटात खेळवा.

पैशाचं थोडक्यात. दर दोन महिन्यांनी बेल्ट परीक्षा आणि नापास कुणीच नाही, तर तिथे पट्टे विकले जातात. "ब्लॅक बेल्ट झाला की सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण पक्कं" हे खोटं आहे. ते ठरावीक स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभाग करतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

आता जे बोलायला जड जातं ते. स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ढब, दुरुस्त करायला हात लावावा लागतो, मीही लावते. पण आधी विचारून आणि सगळ्यांसमोर. एकट्या मुलीला किंवा मुलाला उशिरापर्यंत थांबवणं, रात्री खासगी मेसेज, "घरी सांगू नको" असं बजावणं, स्पर्धेच्या गावी सरांनी लेकरासोबत एकाच खोलीत झोपणं, यातलं काहीही दिसलं तर लेकराला तिथून लगेच काढा. लैंगिक छळाची नुसती शंका असली तरी पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे २०१२ पासून, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा शोधणं तुमचं काम नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो लेकरालाही पाठ करून द्या. "क्लासचं नाव खराब होईल" म्हणून गावातली मोठी माणसं मध्ये पडतील, तुम्ही मागे हटू नका.

आणि लेकरू क्लासवरून आलं की "आज काय शिकलास?" बरोबर एवढं विचारा: "आज कुणाला लागलं का? मग सरांनी काय केलं?" माझ्या बोटांना हळद लावताना आईनं हे विचारलं असतं, तर पाइपचं मी तेव्हाच सांगून टाकलं असतं.