रेशन घेणाऱ्या बाईला बाळंतपणाचेही पैसे का द्यायचे?

नमस्कार मंडळी.

"रेशन फुकट, लाडक्या बहिणीचे दीड हजार चालू, आणि आता बाळंतपणालाही सरकारनेच पैसे द्यायचे? मग आम्ही टॅक्स कशाला भरतो?"

हे वाक्य तुम्ही लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, कुठे ना कुठे ऐकलंच असेल. कदाचित स्वतः म्हटलंही असेल. मला ते म्हणणाऱ्यांचा राग येत नाही. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जातात, त्यामुळे ते कुठे जातात हे विचारायचा त्यांना हक्कच आहे. म्हणून आज भावनेवर न जाता हिशेब मांडणार आहे. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते: हे पैसे द्यायलाच हवेत, आणि आज देतो त्यापेक्षा बरेच जास्त द्यायला हवेत.

आधी योजना काय आहे ते बघू. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना 1 जानेवारी 2017 पासून सुरू झाली. पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये. पूर्वी ते तीन हप्त्यांत यायचे. एप्रिल 2022 पासून नियम बदलले आणि आता दोन हप्त्यांत येतात: गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की तीन हजार, बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाला की दोन हजार. दुसरं बाळ मुलगी असेल तर सहा हजार, एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही. त्यावर पुढे बोलणार आहे, कारण मला ते पटत नाही.

[स्क्रीनवर: रेशन कार्ड, ई-श्रम कार्ड, जॉब कार्ड]

हे पैसे कुणाला मिळतात? कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल त्यांना. अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी यातलं काहीही असेल तरी चालतं. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग स्त्रिया यात आहेत, स्वतः अंगणवाडीताई आणि आशाताईसुद्धा आहेत. म्हणजे लोक ज्याला "एवढं मिळतंय, अजून कशाला" म्हणतात, तेच कार्ड इथे पात्रतेचा पुरावा आहे. एक योजना घेतली म्हणून दुसरी कापायची, असं इथे नाही.

लाडकी बहीण योजनेत अशी एक अट आहे. सरकारच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर ती मिळत नाही. पण ती अट दरमहा मिळणाऱ्या पैशांबद्दल आहे. बाळंतपणाचं अनुदान दरमहा मिळत नाही. ते एका गरोदरपणापुरतं असतं. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते, आणि त्या भीतीने काही बायका नोंदच करत नाहीत.

आता मूळ मुद्दा. रेशन कशासाठी असतं? घरातल्या सगळ्यांच्या पोटासाठी. दीड हजार कशासाठी? महिन्याच्या घरखर्चाला हातभार म्हणून. आणि बाळंतपणाचे पैसे? ते बुडालेल्या रोजाचे आहेत. आपल्याकडे आदिवासी भागात यासाठी एक नेमका सरकारी शब्द वापरात आहे: बुडीत मजुरी. आजारी मुलाला घेऊन आई दवाखान्यात राहिली, तर तिचा रोज बुडतो, म्हणून तिला ती देतात. तिथे कुणी म्हणत नाही की तुला रेशन मिळतं ना, मग मजुरी कशाला? बाळंतपणाच्या अनुदानामागचं कारण हेच आहे. बाई काही महिने कामावर जाऊ शकत नाही, आणि ज्या घरात रोज आला तर चूल पेटते त्या घरात नेमकं याच काळात जास्त खायला लागतं.

आणि हे आपण पगारदार बायकांच्या बाबतीत कधीच मान्य केलंय. 1961 मध्ये मातृत्व लाभ कायदा झाला (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). 2017 मध्ये त्यात बदल झाला आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या बाईला 26 आठवडे भरपगारी रजा मिळायला लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला 180 दिवसांची रजा मिळते, पूर्ण पगारासकट, सरकारी तिजोरीतून. ती मिळायलाच हवी. पन्नास हजार पगार असेल तर सहा महिन्यांचे तीन लाख झाले. त्याला कुणी खैरात म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

मग त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं काय? धुणीभांडी करणारीचं काय? द्राक्षबागेत रोजाने जाणारीचं काय? तिला पाच हजार.

[स्क्रीनवर: 5000 ÷ 312]

2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये ठरला. पाच हजारांना 312 ने भागा. सोळा दिवस. एकीला 26 आठवडे आणि दुसरीला सोळा दिवस. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, असं आपणच सरकारी भिंतींवर रंगवतो. मग ती सोळा दिवसांत रानात परत गेली तर ते दूध पाजणार कोण?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीकडे बघा. दिवाळीच्या आसपास बीड, जालना, अहिल्यानगरमधली हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि ती टनावर फेडायची असते. फडात नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस घरी राहिलात की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पोट पुढे आलेलं असतानाही बायका ती फळी चढतात, कारण न चढण्याची किंमत त्यांना तोंडपाठ असते.

या खाड्याच्या धाकाने काय होतं ते आपण 2019 मध्ये पाहिलंय. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे कारणं अनेक होती, खासगी दवाखान्यांचा लोभही होता. पण पाळी आली की खाडा, दुखलं की खाडा, हे त्यातलं मोठं कारण. अशा कामावरच्या बाईला बाळंतपणात पैसे मिळावेत की नाही, हा वादाचा विषय होऊ शकतो, हेच मला समजत नाही.

हा वाद नवाही नाही. 28 जुलै 1928 ला मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला होतं. विरोधकांचं म्हणणं तेच, खर्च कोण करणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभागृहाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्यामुळे हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झालासुद्धा. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून "कशाला द्यायचे" इथेच आहोत.

आता दुसरा आक्षेप. "पैसे दिले की लोक जास्त पोरं काढतील." आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.7 होता. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतो. आपण त्याच्या बरेच खाली आहोत. आणि देशात बाळंतपणाला भरघोस मदत करणारं राज्य कोणतं? तमिळनाडू. तिथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना 1987 पासून आहे. सुरुवात तीनशे रुपयांनी झाली होती. 2018 पासून ती मदत अठरा हजारांची आहे, चौदा हजार रोख आणि चार हजारांचा पोषण संच. तिथला जननदर 1.8. अठरा हजार देऊनही तिथला जननदर 2.1 च्या खालीच आहे.

ब्रिटनमध्येही हाच वाद चालतो. तिथे शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँट नावाचं पाचशे पौंडांचं अनुदान आहे, आणि ते सरकारी भत्त्यावर असलेल्या कुटुंबांनाच मिळतं. 2011 मध्ये ते साधारणपणे पहिल्या बाळापुरतं मर्यादित केलं. स्कॉटलंडने मात्र 2018 च्या डिसेंबरात स्वतःची वेगळी योजना आणली आणि पुढच्या मुलांनाही मदत सुरू केली. एकाच देशात दोन वाटा. मला स्कॉटलंडची वाट बरोबर वाटते.

त्यावरून आता दुसऱ्या मुलाकडे येते. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर शून्य. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं, हा हेतू चांगला आहे. पण त्यासाठी महाराष्ट्रात लेक लाडकी योजना आहे. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरात 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने 1 लाख 1 हजार मिळतात. ते मुलीचे पैसे आहेत. बाळंतपणाचं अनुदान आईचं आहे. देशातल्या गरोदर बायकांपैकी 52 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे. पोटात मुलगा असल्याने तिचं रक्त वाढत नाही, की तिचा रोज बुडायचा थांबत नाही.

आणि कायदा काय सांगतो? 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, कलम 4. सरकारी आणि सरकारी कंपन्यांतल्या नोकरदार, तसंच असाच लाभ दुसरीकडून मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला सहा हजारांपेक्षा कमी नाही इतका मातृत्व लाभ. त्यात पहिलं-दुसरं नाही, मुलगा-मुलगी नाही. सरकार म्हणतं, पाच हजारांत जननी सुरक्षा योजनेचे, म्हणजे दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून दिले जाणारे पैसे मिळवले की सरासरी सहा हजार होतात. महाराष्ट्रात जननी सुरक्षेचे दवाखान्यातल्या साध्या बाळंतपणाला ग्रामीण भागात सातशे मिळतात, शहरात सहाशे, तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना. पाच हजार अधिक सातशे म्हणजे पाच हजार सातशे. बेरीज तुम्हीच करा. शिवाय ते सहा हजार 2013 चे. तेव्हापासूनची महागाई धरली तर आज दहा हजारांच्या वर रक्कम हवी, फक्त तिथल्या तिथे राहायला.

"नवरा दारूत उडवेल" असंही म्हणतात. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि नवीन नियमांत नवऱ्याच्या आधारची सक्ती काढलीय. टाकलेल्या, एकट्या बायकांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. "पैसे नको, धान्य द्या" म्हणणाऱ्यांना सांगते, अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतोच. पण रात्री कळा सुरू झाल्या तर रिक्षावाल्याला गव्हाचं पाकीट देऊन चालत नाही.

मला खरी तक्रार आहे ती पैसे पोचण्याबद्दल. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या आशाताईकडे, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, लसीकरण कधी इथे कधी तिथे. त्यात आधारवर लग्नाआधीचं आडनाव, बँकेत लग्नानंतरचं, आणि दवाखान्याच्या कार्डावर कुणीतरी घाईत लिहिलेलं तिसरंच. एका अक्षराने अर्ज अडकतो आणि हप्ता येतो तेव्हा पोर रांगायला लागलेलं असतं. ऊसतोडीला गेलेलीचं तर विचारूच नका. तिच्या तपासण्यांचा काळ आणि हंगामाचा काळ एकच. तीन हजार आणि दोन हजार असे हप्ते पाडून अटी घालण्यापेक्षा बरीचशी रक्कम सातव्या महिन्यापर्यंत हातात दिली, तर ती पोटात तरी जाईल.

तोपर्यंत जे आहे ते तरी सोडू नका. तुमच्या घरात, किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर पाळी चुकल्यावर लगेच आशाताई किंवा अंगणवाडीताईकडे नोंद करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. खातं आधारला जोडलंय का, आणि सरकारी पैसे थेट जमा व्हायला ते चालू आहे का, हे बँकेत जाऊन विचारा, कारण नुसता आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि ही जोडणी वेगळी. माहेरी जाणार असाल तर कार्ड सोबत न्या आणि जाण्याआधी सासरच्या आशाताईला सांगा. दुसऱ्या खेपेलाही गरोदरपणातच नोंद करा, मुलगी झाल्यावर सहा हजारांसाठी ती नोंद बघितली जाते. चौदाव्या आठवड्याची लस चुकवू नका, दुसरा हप्ता त्यावर आहे.

कुणाचा अर्ज नावामुळे किंवा खात्यामुळे अडकला असेल तर खाली लिहा, फक्त आधार किंवा खात्याचा नंबर टाकू नका. पुढच्या व्हिडिओत अशाच अडकलेल्या अर्जांवर बोलू.