मशीन गल्ल्यावर की हातात?

(पुण्यातल्या किरकोळ दुकानदारांपुढे झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, आधी मला सांगा, तुमच्याकडे एक बिल साधारण किती रुपयांचं होतं? शंभर-दोनशेचं असेल, तर आत्ता उठून घरी गेलात तरी चालेल. भाजी, वह्या, वडापाव यांचं काम क्यूआर कोड आणि त्या बोलणाऱ्या डब्यावर भागतं. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे त्याच्या पैशांतून कापला जाणारा टक्का, नाही. कार्डाचं मशीन लागतं ते साडीवाल्यांना, चष्मेवाल्यांना, सायकलवाल्यांना, हॉटेलवाल्यांना. जिथे गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड काढतं किंवा हप्ते करून मागतं.

आता ब्रॉडबँडच्या वायरवर चालणारं, गल्ल्यावरचं घ्यायचं की सिमवर चालणारं हातातलं? विकायला येणारा हातातलंच दाखवतो. चकचकीत असतं, मोबाइलसारखं. पण कापला जाणारा टक्का मशीनच्या रूपावर ठरत नाही. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. रुपे डेबिटला शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस करा, लाजू नका. मशीनप्रमाणे बदलतं ते भाडं, सिमचा खर्च आणि बॅटरीची कटकट.

गल्ल्यापाशीच पैसे घेणाऱ्या दुकानाने वायरचंच घ्यावं, या मताचा मी आहे. दिवाळीच्या आधीचा रविवार आठवा. लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांचे मोबाइल त्याच टॉवरवर, आणि तुमचं दुकान तळघरात. सिमवरचं मशीन नुसतं गरगरत बसतं. बाईंना पैसे गेल्याचा मेसेज येतो, तुमची स्लिप निघत नाही. त्या म्हणतात ‘गेले’, तुम्ही म्हणता ‘आले नाहीत’, आणि दोघंही खरंच बोलताय. असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पण बाईंना साडी आज हवी आहे, आणि मागे रांग लागली आहे! ब्रॉडबँडच्या वायरवर हा प्रकार कमी होतो. फक्त राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर गुरुवारी वीज गेली की मशीन आंधळं.

हॉटेलवाल्यांना मात्र मी नेमकं उलटं सांगेन. वेटर कार्ड घेऊन गल्ल्याकडे जातो आणि तिथून ओरडतो, ‘साहेब, पिन काय?’ साहेबही चार टेबलांपलीकडून खणखणीत आवाजात सांगतात. पुणेकर एरवी पगार सांगणार नाही, पिन सांगतो. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय नुसतं टॅप करून चालतं, म्हणजे नजरेआड गेलेलं कार्ड पुन्हा एकदा टॅप व्हायला कितीसा वेळ? कार्ड मालकाच्या हातात राहावं आणि मशीन टेबलाशी जावं. प्रदर्शनात स्टॉल टाकणारे, माल घरपोच देणारे, यांचंही तेच.

हातातलं घेणार असाल, तर सही करण्याआधी ते तुमच्याच दुकानात, अगदी आतल्या कोपऱ्यात चालवून दाखवायला लावा. वाय-फायवर चालतं का विचारा. आणि रात्रीचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचा हिशेब बँकेकडे पाठवणं, आपोआप होतं की बटण दाबावं लागतं, हेही. कित्येकजण बटण न दाबताच शटर ओढतात आणि दुसऱ्या दिवशी ‘पैसे का आले नाहीत’ म्हणून बँकेत फोन करतात.

मागून विचारताहेत, जुनं मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ का? नको. त्यात ज्या त्या बँकेच्या गुप्त चाव्या, म्हणजे कार्डाची माहिती कुलूपबंद करणारे सांकेतिक आकडे, भरलेल्या असतात आणि मशीन उघडायला गेलं की त्या पुसल्या जातात. न उघडता तसंच वापरलंत आणि ते पहिल्या मालकाच्या नावावर अजून चालू असलं, तर माल तुमचा जाईल आणि पैसे त्याच्या खात्यात जमा होतील.