खोका उघडायला नारळी पौर्णिमा

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळ. पुळणीवर मासळीचा लिलाव, मागे सुवर्णदुर्ग.)

बोटीच्या केबिनमध्ये डोकावलं की जीपीएसच्या शेजारी फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालची मासळी पडद्यावर दाखवणारं यंत्र, दिसतो. असं यंत्र परदेशी विक्रेत्याकडून मागवणं आता मोबाइलवरचं काम झालंय.

समजा, एका नाखव्याने ते मे महिन्यात मागवलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बोट शाकारलेली, खोका माळ्यावर. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला, यंत्र बोटीवर जोडलं, तर पडदा काळाच.

(दृश्य: माळ्यावरचा बंद खोका.)

घोळ इथे होतो. कार्डाने पैसे दिले असतील, तर बँकेमार्फत ते परत मागता येतात. बँकेत याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा, मास्टरकार्डची त्यासाठीची मुदत साधारण 120 दिवसांची, काही कारणांसाठी त्याहून कमी. पावसाळ्याचे महिने त्यातून कोणी वजा करत नाही! तेव्हा खोका आला त्याच दिवशी उघडावा. 12 व्होल्टची बॅटरी घरीही जोडता येते. मोबाइलवर सलग चित्रण करावं: खोक्यावरचा पत्ता, सिरीयल नंबर, न उजळणारा पडदा.

विक्रेत्याला कळवायचं ते त्या संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको. मग गोड उत्तर येतं, ‘आधी तक्रार बंद करा, पैसे लगेच पाठवतो.’ बंद करू नका. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही. दुसरी खेळी, ‘माल तुमच्या खर्चाने परत पाठवा.’ कुरियरचं भाडं ऐकूनच माणूस गप्प बसतो.

(दृश्य: जाळं विणणारे हात.)

नाखवा धंदा करतो, मग तो ग्राहक कसा? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याचं उत्तर आहे. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. पाच-सहा बोटी आणि बोट चालवायला पगारी तांडेल असतील, तर मात्र वाद होऊ शकतो.

2020चे ई-कॉमर्स नियम परदेशी कंपनीलाही लागू आहेत, ती भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकत असेल तर. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. कंपनी दाद देत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मध्ये पडते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा लावता येतो, पण परदेशातल्या छोट्या विक्रेत्याकडून वसुली करणं जिकिरीचं. म्हणून आमचा कौल आधी बँकेला.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. तिथे तक्रार मांडायची ती बँकेच्या सेवेची. यंत्र का बिघडलं, हे लोकपाल बघत नाही.