कृष्णाकाठचा मेणवलीचा वाडा

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईहून महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली मंडळी वाईला थोडा वेळ थांबतात, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतात आणि लगेच पसरणीचा घाट चढू लागतात. त्या घाईत वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जेमतेम तीन-चार किलोमीटर अंतरावरचे मेणवली गाव राहून जाते. या गावात कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा उभा आहे आणि आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म 1742 मध्ये साताऱ्यात झाला, पण घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. पानिपतच्या रणातून ते 1761 मध्ये जिवंत परतले आणि पुढे बारभाईंच्या, म्हणजे मुत्सद्द्यांच्या मंडळाच्या, कारभारातून पेशवाईची सूत्रे त्यांच्या हाती आली. ज्या सालबाईच्या तहाने 1782 मध्ये साष्टी इंग्रजांकडे राहिली, म्हणजे वांद्र्यापासून उत्तरेकडची आपली आजची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत ती भूमी कंपनीच्या ताब्यात कायम झाली, तो तह नानांच्याच कारकिर्दीतला. अशा माणसाला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडून 1768 मध्ये मेणवली गाव मिळाले आणि पुण्याच्या राजकारणापासून दूर, पण साताऱ्याच्या छत्रपतींच्या गादीपासून फार लांब नाही, अशा जागी त्यांनी हा वाडा बांधला.

गावाच्या बाजूने पाहिले तर वाडा फारसे काही दाखवत नाही. उंच, जाड भिंती आणि भक्कम दरवाजा एवढेच प्रथम नजरेत भरते. त्या काळी धनिकाचे घर हे काही अंशी गढीही असे, आणि बाहेरच्या भिंतीला मोठ्या खिडक्या ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. मग एवढ्या विस्तीर्ण घरात उजेड आणि वारा आणायचा कोठून, या प्रश्नाला मराठी गवंड्या-सुतारांनी दिलेले उत्तर म्हणजे चौक. मेणवलीच्या वाड्यात असे सहा चौक आहेत. चौकाच्या चारी बाजूंना लाकडी खांबांवर तोललेले सोपे, म्हणजे ओसऱ्या, त्यांच्या मागे खोल्या आणि वर मोकळे आकाश, अशी ही रचना असते. छपराचे पाणी चौकात उतरते आणि वाहून जाते. उन्हाळ्यात तापलेली हवा याच वाटेने वर निघून जाते आणि आतल्या खोल्या गार राहतात. गिरगावातल्या ज्या चाळी मधल्या अंगणाभोवती बांधल्या गेल्या, त्यांत आयुष्य काढलेल्या श्रोत्यांना या उजेडाचे मोल मी वेगळे सांगायला नको.

चौकांचे दुसरे काम माणसांची वाटणी करण्याचे होते. कोणी देवडीपर्यंत यायचे, कोणी कचेरीच्या सोप्यावर बसायचे, कोणाला दिवाणखान्यात बोलावले जायचे आणि माजघर, देवघर, मुदपाकखाना या भागांत घरच्यांखेरीज कोणी जायचे नाही, हे सारे त्या काळच्या वाड्यांत उंबरठ्यांनीच ठरवलेले असे. राज्याचा कारभार आणि घरातला संसार एकाच छपराखाली चालवायचा, तर अशी योजना लागतेच. खाली दगडी जोते, वर वीट, माती आणि चुन्याच्या भिंती, आणि त्यांना बांधून ठेवणारा लाकडी सांगाडा, हे बांधकामाचे सूत्र साधे आहे. पण भिंतींवर पौराणिक विषयांची जी रंगीत चित्रे आजही दिसतात, ती पाहिली की हे केवळ सोयीचे घर नव्हते, याची खात्री पटते.

तरीही माझे मत असे आहे की, केवळ वाड्याच्या आत फिरून परतणारा माणूस निम्मेच पाहून परततो. वाड्याच्या मागे कृष्णेवर चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट आहे, काठावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी मंदिरे आहेत, आणि घर, देवळे, पायऱ्या व पाणी यांची मांडणी एकाच विचाराने झालेली आहे. पुढून घर जितके बंद, तितकेच ते मागून नदीला जोडलेले आहे. स्नान, पूजा, पाणी भरणे, धुणे, या रोजच्या व्यवहारांसाठी घाट लागत होता, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणाऱ्या लोंढ्यापुढे टिकायचे तर तो दगडाचाच असायला हवा होता. या परिसरातल्या बांधणाऱ्यांना नदीची चांगली जाण होती. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत त्यांनी माशाच्या आकाराची केली, ती पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून. वर धोमला धरण झाल्यापासून नदीचा प्रवाह माणसाच्या हाती गेला. परंतु घाटाच्या पायऱ्यांची घडण धरणापूर्वीच्या कृष्णेसाठी झालेली आहे, हे तिथे उभे राहिल्यावर ध्यानात ठेवावे.

घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि आपल्या वसईच्या श्रोत्यांनी ती आवर्जून पाहावी. तिच्यावर 1707 हे साल आहे, बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा याच परंपरेतली. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता. घंटेवरची आकृती कोणी खरवडून काढली नाही आणि ती तशीच देवाच्या दारी टांगली गेली, याचे मला फार मोल वाटते.

या वाड्याने आणखी एक मोठी ठेव सांभाळली. नाना मूळचे हिशेबनीस, कागद जपणारे. त्यांच्या संग्रहातली पत्रे, हिशेब आणि नोंदी इथे राहिल्या आणि पुढे मेणवली दफ्तर या नावाने अभ्यासकांना ठाऊक झाल्या. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या खटपटीने त्या प्रकाशात आल्या. ज्या घरात पावसाचे पाणी शिरते, वाळवी लागते, तिथे शंभर वर्षांचे कागद टिकत नाहीत. तेव्हा या दफ्तराचे श्रेय थोडे या भिंतींना आणि छपरालाही द्यायला हवे.

वाडा आजही फडणवीस घराण्याकडे आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे तो अनेकांना पाहिल्यासारखा वाटतो, पण एवढ्या मोठ्या लाकडी घराची निगा राखणे ही दरवर्षीची, खर्चाची आणि चिकाटीची गोष्ट आहे. म्हणून तिथे गेलात तर परवानगी घेऊन आत जा, चित्रांना हात लावू नका आणि लाकडी जिन्यांवर गर्दी करू नका. जाण्यासाठी पाऊस सरल्यानंतरचे दिवस उत्तम. सकाळी लवकर पोहोचलात तर आधी थेट घाटावर उतरा, तिथून देवळांमधून वर या आणि मग वाड्यात शिरा. नमस्कार.