मे महिना आणि गोळ्यांची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, कैरीचं पन्हं करतो, कूलरची ताटी बदलतो. यंदा आणखी एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांच्या गोळ्यांची पिशवी काढा आणि सगळ्या गोळ्या चादरीवर मांडा. सात-आठ प्रकार निघणारी घरं काही थोडी नाहीत. त्यातल्या काही गोळ्या आजारासाठी असतात, आणि काही केवळ आधीच्या गोळीने दिलेल्या त्रासासाठी.

हे कसं घडतं? बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू होतं. चांगलं आणि स्वस्त औषध. पण 5 मिलिग्रॅमची 10 झाली की काहींच्या घोट्यांवर सूज येते. बारीक धमन्या सैल पडतात, पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून पायात उतरतं. अंगात जादा पाणी साठल्याची ही सूज नव्हे, म्हणून लघवी वाढवणारी गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. तरी ती लिहिली जाते. तिच्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, मग चक्कर येते. युरिक ॲसिड चढतं आणि एखाद्या रात्री पायाचा अंगठा ठणकायला लागतो. मग दुखीची गोळी. ती बीपी पुन्हा वाढवते, पोटात जळजळ करते, म्हणून गॅसची गोळी. एकीच्या चार झाल्या! पहिल्या सुजेलाच ॲम्लोडिपिनचा डोस कमी केला असता किंवा औषध बदललं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

बीपीच्याच रामिप्रिल या गोळीने काहींना कोरडी ढास लागते, तीही कधी गोळी सुरू होऊन काही महिने झाल्यावर. त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही आणि खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या होत राहतात. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं आणि पायाला मुंग्या येतात. तिथे आधी बी-12 तपासायला हवं.

धंतोलीत हृदयाचे डॉक्टर, रामदासपेठेत हाडांचे, घराजवळ फॅमिली डॉक्टर. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर. माझा आक्षेप या व्यवस्थेवर आहे. बंद पडलेली हृदयाची नस तासाभरात उघडणारं हे वैद्यक आहे, त्याचे उपकार मोठे आहेत. पण त्यात गोळी सुरू करण्याची जबाबदारी कुणाची तरी असते, बंद करण्याची कुणाचीच नसते. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणारं माणूसच नाही.

उन्हाळ्यात याची किंमत किडनी मोजते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नस उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वापरतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखीच्या गोळ्या ते द्रव्यच कमी करतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी नस सैल करतात, त्याने आतला दाब उतरतो. लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. एरवी निभावून जातं. पण घामाने आधीच पाणी आटलेलं असताना तिन्ही एकत्र आल्या, तर दोन-चार दिवसांतही किडनी मंदावू शकते. यात लघवीची गोळी वेगळी दिसेलच असं नाही. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर बहुतेक वेळा आत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. पाकिटामागचे घटक वाचा.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा; रिपोर्टमधल्या त्याच्या आकड्यावरही विसंबू नका. 25 वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन 1.2 असेल तर किडनीची गाळण्याची गती मिनिटाला साधारण 86 मिलिलिटर भरते. 75 वर्षांच्या बाईंचं तेच 1.2 असेल तर ती 47 च्या आसपास असते. आकडा तोच, काम जवळपास निम्मं. रिपोर्टवर ‘ईजीएफआर’, म्हणजे हीच गाळण्याची गती, मागून घ्या.

आता पिशवीचं काम. एका कागदावर प्रत्येक औषधाचा घटक, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी आणि कधी सुरू झालं ते लिहा. नवा त्रास केव्हा सुरू झाला तेही शेजारी लिहा; या दोन तारखा पुष्कळ काही सांगतात. चूर्णं आणि काढेही लिहा, कारण ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. कागद आणि पिशवी घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, शक्यतो फॅमिली डॉक्टरांकडे. विचारा: हा त्रास आधीच्या गोळीचा तर नाही ना? ही किती दिवस घ्यायची? ही सुरू केली तर कोणती थांबवता येईल? आणि उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागलं तर कोणत्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, हे आजच लिहून घ्या.

मात्र मनाने काही बंद करू नका. हृदयाचं आणि बीपीचं मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर छातीत दुखणं उसळू शकतं. फिटची औषधं आणि बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइडंही अचानक थांबवणं धोक्याचं.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच विरघळवा. पेलाभर पाण्यात चमचा-दोन चमचे टाकले की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि दाट झालं तर जुलाब वाढतात. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि दुपारभर लघवीच झाली नाही, किंवा म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर संध्याकाळची वाट पाहू नका. मेयो असो, मेडिकल असो, आपल्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत न्या. ती पिशवी सोबत घ्या, आणि शेवटची दुखीची गोळी किती वाजता दिली ते आधी सांगा.